बर्फात उतरलेला रोमचा धूर

रोमन साम्राज्य कधी कोसळलं? शाळेत पाठ केलेलं उत्तर आहे इ.स. ४७६. ग्रीनलँडच्या बर्फात डोकावलं तर मात्र अर्थव्यवस्थेचा कणा त्याआधी तीनशे वर्षं मोडलेला दिसतो.

माझं पीएचडीचं काम नदीच्या गाळातल्या शिशावर आहे. शिसं हा मोजायला अत्यंत त्रासदायक धातू. धुळीतून, हातमोज्यांतून, कुठूनही नमुन्यात घुसतो आणि आठवड्याचं काम पाण्यात. त्यामुळे जोसेफ मॅककॉनेल यांच्या गटाचा २०१८ चा पेपर वाचताना आधी इतिहास नाही, मोजमापंच बघत बसले. इ.स.पू. ११०० ते इ.स. ८०० या काळासाठी पूर्वी हाताशी जेमतेम १८ मोजमापं होती. यांनी बर्फाचा लांबलचक गाभा तापत्या पट्टीवर हळूहळू वितळवत थेट यंत्रात सोडला आणि २१,००० वर मोजमापं घेतली. जवळपास वर्षावर्षाचा हिशेब!

पण शिशाचा रोमशी संबंध काय? तर चांदी. चांदी बऱ्याचदा शिशाच्या खनिजातच मिसळलेली सापडते. ते वितळवून त्यावर हवेचा झोत मारला की शिशाचं ऑक्साइड होऊन वेगळं निघतं आणि तळाशी चांदीचा गोळा उरतो. या खटाटोपात थोडं शिसं धुराबरोबर वर जातं. त्याचे बारीक कण वाऱ्यावर उत्तरेला गेले आणि दरवर्षीच्या बर्फाखाली गाडले गेले. रोमचं मुख्य नाणं दिनारियस, चांदीचं. म्हणजे बर्फातलं शिसं ही रोमच्या टांकसाळीची एक प्रकारे जमाखर्चाची वहीच.

वही काय सांगते? स्पेनच्या खाणी आधी कार्थेजकडे होत्या, मग रोमने त्या जिंकल्या. कार्टाहेनाजवळच्या खाणींत ४०,००० माणसं राबत आणि रोमला रोज २५,००० द्राख्माचं उत्पन्न मिळे, असं पॉलिबियसने नोंदवलंय. प्रजासत्ताकाच्या शेवटच्या यादवीत शिसं घटतं. ऑगस्टसनंतर शांतता आली आणि ते जवळपास चौपट झालं.

यातली काही चांदी आपल्याकडेही आली. 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शकात तगर म्हणजे आपल्या तेरचं कापड गाड्यांतून भडोचला जात असल्याचा उल्लेख आहे. रोमन नाणी भडोचला स्थानिक नाण्यांत बदलली की फायदा होतो, हेही त्यात आहे. भारत वर्षाला ५ कोटी सेस्टर्स घेऊन जातो अशी तक्रार प्लिनीने केली होती, ती याच शतकातली. इ.स. ६४ मध्ये नीरोने दिनारियसचं वजन आणि शुद्धता दोन्ही घटवली. भारतात सापडलेल्या चांदीच्या रोमन नाण्यांत त्याआधीच्या ऑगस्टस-टायबेरियसच्या नाण्यांचा भरणा आहे. आपले व्यापारी नाणं पारखून घेत असावेत, असा माझा अंदाज.

मग येतं १६५ साल. पूर्वेच्या लढाईवरून परतलेल्या सैन्याबरोबर साथ आली, बहुधा देवीची. बर्फातलं शिसं धाडकन खाली येतं आणि पुढची पाचशे वर्षं पुन्हा त्या उंचीला पोचतच नाही. खाणीतले कुशल कामगार मेले, वर १७० च्या दशकात दक्षिण स्पेनवर मूर टोळ्यांचे हल्ले झाले. नवी चांदी आटली, सैन्याचा खर्च मात्र चढताच. सेप्टिमियस सेव्हेरसने सैनिकांचा पगार वाढवला आणि नाण्यातली चांदी निम्म्याच्या आसपास आणली. कॅराकॅलाने दोन दिनारियसच्या किमतीचं नवं नाणं काढलं, त्यात चांदी दीडाचीच. २७० च्या सुमारास त्याच नाण्यात चांदी पाच टक्क्यांच्याही खाली होती, म्हणजे मुलामा दिलेलं तांबंच म्हणा ना. ३०१ मध्ये डायोक्लेशियनने वस्तूंचे भाव आणि मजुरी कायद्याने बांधून दिली, जास्त घेणाऱ्याला देहदंड. माल बाजारातूनच गायब झाला.

एक सावधगिरी. हा आलेख धातूचा आहे, धान्याचा नाही. उत्तर आफ्रिकेतली ऑलिव्हची शेती चौथ्या शतकातही जोरात होती. तिचा धूर ग्रीनलँडला जात नाही. त्यामुळे 'शिसं घटलं म्हणजे सगळे भिकेला लागले' असं कुणी म्हणालं तर मी भांडेन.

आणि भरभराटीचा धूर कुणाच्या छातीत गेला? याच गटाचा २०२५ चा पेपर म्हणतो, त्या सुवर्णकाळात हवेतल्या शिशामुळे लोकांचा बुद्ध्यांक सरासरी २.५ ते ३ गुणांनी घसरला असावा. हा आकडा मी जपूनच वापरते. बर्फातून हवा, हवेतून रक्त, रक्तातून मेंदू असा तीन पायऱ्यांचा अंदाज आहे तो, आणि प्रत्येक पायरीला चूक वाढते. शिवाय ही झाली सरासरी. भट्टीशी उभ्या असलेल्या गुलामाच्या रक्तात किती शिसं होतं, ते ग्रीनलँडमधून मोजता येत नाही.