खिडकीची आच्छादने, कोकणातील

ऊन, पाऊस, धूळ व परकी दृष्टी यांपासून घराच्या अंतर्भागाचे रक्षण व्हावे आणि आतील तापमान सुसह्य राहावे, यासाठी खिडकीच्या आत वा बाहेर बसविलेली झापे, ताट्या, झडपा, चिका, पडदे इत्यादींना खिडकीची आच्छादने म्हणतात. संस्कृतातील ‘वातायन’ या शब्दाचा अर्थ वाऱ्याची वाट असा आहे. कोकणातील आच्छादनांचा इतिहास म्हणजे ही वाट न बुजविता ऊन व पाऊस अडविण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

शीत प्रदेशातील गरज याच्या उलट असते. यूरोपात जाड, अस्तर लावलेला पडदा भिंतीलगत व जमिनीपर्यंत सोडतात. काच व पडदा यांमधील स्थिर हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने खोलीतील ऊब टिकते. वर व खाली फट राहिल्यास मात्र काचेलगत थंड झालेली हवा खाली उतरून खोलीत पसरते आणि पडदा बराचसा निरुपयोगी ठरतो.

मुंबई–गोवा महामार्गावरील पाली (जि. रत्नागिरी) व आसपासच्या गावांत राखून ठेवावी अशी ऊब कोणाला फारशी लागत नाही. सह्याद्री व समुद्र यांमधील या पट्ट्यात वर्षाकाठी सरासरी ३०० सेंमी.हून अधिक पाऊस पडतो व हवा बहुतेक काळ दमट असते. जांभ्याच्या चिऱ्यांच्या जाड भिंती, उतरते छप्पर आणि गज लावलेल्या लहान खिडक्या ही येथील जुन्या घरांची सर्वसाधारण रचना. अशा घरात खिडकीचे पहिले आच्छादन म्हणजे पडवी होय; उन्हाची तिरीप व पावसाची झड तीच प्रथम झेलते. पावसाळ्यापूर्वी पडवीच्या उघड्या बाजूंस माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधण्याची रीत आहे. झापावर पडलेले पाणी पात्यांवरून खाली ओघळते, वारा मात्र विणीतून थोडाफार येत राहतो. पावसाळा सरला की झापे उतरवितात व जीर्ण झालेली सरपणात जातात. अलीकडे अनेक घरी त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे कापड आले आहे. ते पाणी अधिक चांगले अडविते, पण वाराही अडविते व दमटपणा आत कोंडतो.

घाटावरील कोरड्या प्रदेशात, विशेषतः विदर्भात, वाळ्याच्या ताट्यांना मोठी परंपरा आहे. वाळ्याच्या मुळांच्या ताट्यांवर पाणी शिंपडून गारवा निर्माण करण्याचा उल्लेख आईन-इ-अकबरीत येतो. एक लिटर पाण्याचे बाष्पीभवन होताना सु. ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. कोरड्या हवेत हे बाष्पीभवन झपाट्याने होते. कोकणातील हवेत आधीच बाष्प भरपूर असल्याने ताटी ओली राहते, सुगंधही देते, पण गारवा बेताचाच मिळतो. एका प्रदेशातील उत्तम साधन शेजारच्या प्रदेशात कसे लंगडे पडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

गोव्यात पोर्तुगीज अमदानीत लाकडी चौकटींत प्लॅक्यूना प्लॅसेंटा या जातीच्या चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या बसवीत. त्यांतून मऊ प्रकाश येई व उन्हाची तीव्रता कमी होई. तिरप्या फळ्यांच्या झिलमिलीचा प्रसार ब्रिटिश काळात वाढला. प्रकाश, वारा व पाऊस या तिन्हींचे नियमन एकाच साधनाने करण्याची ही युक्ती किनारपट्टीच्या हवामानास विशेष मानवणारी होती.

पुढे काच स्वस्त झाली आणि आच्छादन बाहेरून आत सरकले. या बदलाची किंमत फारशी कोणी मोजली नाही. साध्या काचेतून सूर्यप्रारणाचा सु. ८० टक्के वा अधिक भाग आत शिरतो. त्याने तापलेला पडदा व जिन्नस जी दीर्घ तरंगलांबीची प्रारणे उत्सर्जित करतात, ती काच बाहेर जाऊ देत नाही. चैत्र-वैशाखात तिसऱ्या प्रहरी पश्चिमेकडील काचेच्या प्रत्येक चौ. मी. वर सु. ५०० वॉट ऊर्जा पडते, असे धरल्यास दोन चौ. मी.ची खिडकी जवळजवळ एका लहान विजेच्या शेगडीइतकी उष्णता घरात घेते. फिकट रंगाचा पडदा तिचा काही अंश परावर्तित करतो. बाहेरची चिक किंवा झडप मात्र बहुतेक ऊन काचेपर्यंत पोहोचूच देत नाही. ओल्गे बंधूंनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बाह्य छायेच्या या श्रेष्ठत्वाचे सविस्तर विवेचन आढळते. जाड कापडी पडद्यांना पावसाळ्यात बुरशी धरते, ही अडचण कोकणातील गृहिणींस वेगळी सांगावयास नको. वातानुकूलित, बंद खोलीत अस्तराचा घट्ट पडदा उपयुक्त असतो, हे खरे. तथापि तेथेही बाहेरची सावली असल्यास विजेचा खर्च आणखी घटतो.

केंद्र शासनाने २०१८ मध्ये प्रसृत केलेल्या ‘इको निवास संहिते’त उष्ण व दमट प्रदेशांतील निवासांसाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान १६·६६ टक्के, म्हणजे एकषष्ठांश, असावे असे म्हटले आहे, उष्ण व कोरड्या प्रदेशांसाठी हे प्रमाण १० टक्के आहे. सध्या सर्रास बसविल्या जाणाऱ्या दोन पट्ट्यांच्या सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीचा एका वेळी अर्धाच भाग उघडतो. त्यामुळे तेवढ्याच वाऱ्यासाठी दुप्पट काच लागते आणि त्या काचेवर बाहेरून सावली धरण्याचे काम तितकेच वाढते.