फिनिक्सची मुले आणि शांतिनिकेतनचे स्वयंपाकघर

शांतिनिकेतनात दरवर्षी १० मार्चला आचाऱ्यांना आणि सफाई कामगारांना सुटी असते. विद्यार्थी व अध्यापक स्वयंपाक करतात, आवार झाडतात. या दिवसाला ‘गांधी पुण्याह’ म्हणतात. (पुण्याह म्हणजे शुभ दिवस, पुण्यतिथीशी त्याचा संबंध नाही.)

याचे मूळ १९१५ सालात आहे. दक्षिण आफ्रिकेतील फिनिक्स आश्रमाची मुले मगनलाल गांधींबरोबर शांतिनिकेतनात पाहुणी म्हणून उतरली होती. त्यांची चूल वेगळी होती. मसाले वर्ज्य, भात, डाळ, भाजी सारे वाफेच्या एकाच कुकरमध्ये शिजे, आणि शिजवत ती स्वतःच. गांधीजी १७ फेब्रुवारीला तेथे पोहोचले, गोखले गेल्याची तार येताच पुण्याला निघाले आणि ६ मार्चला परतले. पाहुण्या मुलांना जे जमते ते यजमानांच्या मुलांना का जमू नये, असा प्रश्न त्यांना पडला असावा. पगारी आचारी काढून शिक्षक-विद्यार्थ्यांनीच रांधावे, ही सूचना त्यांनी मांडली. काही शिक्षकांनी माना डोलावल्या, एकदोघांनी नकारार्थी. शिक्षकांची तयारी असेल तर आपली हरकत नाही, असे रवींद्रनाथ म्हणाले.

सूचना दिसते तेवढी साधी नव्हती. १९०१ साली स्थापन झालेल्या या ब्रह्मचर्याश्रमात सुरुवातीची काही वर्षे वर्णभेदाचे नियम पाळले जात. कोण रांधतो हा प्रश्न तेथे केवळ सोयीचा नव्हता. स्वावलंबनाच्या नावाखाली पंगतीच्या मुळालाच हात घातला गेला, असे आम्हांला वाटते; गांधीजींनी मात्र आरोग्य आणि स्वावलंबन एवढीच कारणे नोंदवली आहेत.

‘सत्याचे प्रयोग’मधील हे प्रकरण साहित्याच्या विद्यार्थ्याने सावकाश वाचावे. एक तुकडी भाजी चिरते, दुसरी धान्य निवडते, नगेनबाबू हाती कुदळ घेऊन स्वयंपाकघराभोवतीची जागा स्वच्छ करतात, पिअर्सन मोठाली भांडी घासतात. भांडी घासणाऱ्यांचा शीण हलका व्हावा म्हणून काही मुले जवळ बसून सतार वाजवतात! आणि लगेच कबुलीही येते: सव्वाशे मुलांना हे श्रम सहज झेपणारे नव्हते, काही लवकरच थकली. काही काळाने प्रयोग थांबला. यश फुगवलेले नाही, अपयशही लपवलेले नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. जगदानंदबाबू, नेपाळबाबू, क्षितिमोहनबाबू ही अध्यापकांची नावे त्या प्रकरणात ओळीने येतात. तेथे शिकवणारे आपले काका कालेलकरही येतात. ‘काका’ हे नाव त्यांना बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात मिळाले, हेही कळते. ज्यांच्या हातची पळी काढून घ्यायची होती त्या आचाऱ्यांपैकी एकाचेही नाव नाही. त्यांना काय वाटले, हे कोणी विचारल्याचीही नोंद नाही.

फिनिक्सची मंडळी पुढे हरिद्वारच्या कुंभमेळ्यात सेवेला गेली. तेथे भारतसेवक समाजाच्या पथकाचे वैद्यकीय अधिकारी डॉ. देव होते आणि शौचाचे चर बुजवण्यासाठी त्यांना पगारी भंग्यांवर अवलंबून राहावे लागत होते. ते काम फिनिक्सच्या मंडळींनी मागून घेतले. मागणी गांधीजींनी केली; प्रत्यक्षात ते पार पाडायचे होते मगनलालांना.