आमच्या घरचा सोमवार

महादेवाचा सोमवार दिवसभर धरून संध्याकाळी सोडावयाचा असतो, हे वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या घरी मात्र प्रकार उलटा. सकाळचे जेवण यथास्थित होई आणि रात्री चूल पेटत नसे. माझा जन्म 1970 चा. कळू लागल्यापासून मी हे पाहत आलो, आणि आईस व्रताचा विधी नीट अवगत नसावा, असा माझा पुष्कळ दिवस समज होता. पुढे वडिलांनी उलगडा केला. हा सोमवार महादेवाचा नव्हे, लालबहादुर शास्त्रींचा!

1965 साली पावसाने दगा दिला. आदल्या वर्षी 8 कोटी 90 लाख टनांच्या घरात गेलेले देशाचे धान्योत्पादन 1965-66 मध्ये 7 कोटी 20 लाखांवर आले. अमेरिकेचा गहू पीएल 480 करारान्वये येत होता खरा. परंतु पाकिस्तानशी युद्ध जुंपले आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी पुढे तो हात राखून, थोडा थोडा सोडण्याचे धोरण ठेवले. त्या प्रसंगी शास्त्रींनी देशवासीयांस आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. अनेक शहरांत सोमवारी संध्याकाळी उपाहारगृहे बंद राहू लागली. (आपल्या या कोलकात्यात त्याच वर्षी छेन्याच्या मिठाईवर सरकारी बंदी आली, रसगुल्ल्यावाचून बंगाली मनुष्य कसा राहिला असेल, देव जाणे.) बीड जिल्ह्यातील आमच्या खेड्यात ग्रामपंचायतीच्या रेडिओवरून ही वार्ता पोहोचली आणि नवपरिणीत आईवडिलांनी सोमवार धरला.

11 जानेवारी 1966 रोजी ताश्कंद येथे शास्त्री निवर्तले. पुष्कळ घरांतील सोमवार हळूहळू सुटला. आमचा सुटला नाही, याचे कारण 1972 चा दुष्काळ. विहिरी आटल्या, जनावरे मातीमोलाने गेली. मला झाडाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत निजवून आई दुष्काळी कामावर खडी फोडी. 1973 च्या उन्हाळ्यात अशा कामांवर महाराष्ट्रात सुमारे 50 लाख माणसे होती. खावयास लाल मिलो आणि वाटपाची सुकडी. मिलोच्या भाकरीस चव नसे, असे आई सांगे. परंतु तिचा तुकडाही कोणी टाकल्याचे तिला आठवत नव्हते.

हे सारे ऐकूनही मी शहाणा झालो नाही. 1998 साली येथे बढती मिळाली, तेव्हा स्नेह्यांस भोजन दिले. मोठेपणाच्या भरात पन्नास पानांचा अंदाज ऐंशीचा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी आंबूस वास येऊ लागलेला भात मी गड्याकरवी कचराकुंडीत टाकविला. तोही अशा शहरात, जेथे 1943 साली भुकेली माणसे दारोदार नुसती भाताची पेज मागत फिरत होती. आई तेव्हा आमच्याकडे आलेली होती. ती खिडकीतून पाहत होती. बोलली काहीच नाही. तो दिवस गुरुवार होता. तरी त्या रात्री ती जेवली नाही.

मंडळाच्या गणेशोत्सवातील भोजनाची व्यवस्था माझ्याकडे आल्यापासून मी नावे आठ दिवस आधी मागतो आणि वाढप्यांस पहिल्या वाढीस अर्धीच मूद वाढावयास सांगतो. यावरून काही सभासद मला कंजूष म्हणतात, हे माझ्या कानांवर आले आहे. दुसरी मूद मागणाऱ्यास आजवर कोणी नाही म्हटलेले नाही.