प्रश्नावलीचे भाषांतर आणि खानदेशातील विद्यार्थी

एका भाषेत रचलेली मानसशास्त्रीय प्रश्नावली दुसऱ्या भाषेत उतरविली म्हणजे तीच मोजपट्टी नव्या समाजास लावली, असा समज आपल्या संशोधनव्यवहारात फारशी चौकशी न होता रूढ झाला आहे. हा समज इतिहासाच्या आधारे तपासून पाहणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. उदाहरणादाखल येथे अनिश्चितता न सोसण्याची वृत्ती मोजणारी प्रश्नावली घेतली आहे. तिचा जन्म फ्रेंच भाषेत झाला. पुढे ती इंग्रजीत आणि त्यानंतर चिनी भाषिकांपर्यंत गेली. तीच प्रश्नावली जळगाव-धुळ्याकडील महाविद्यालयीन विद्यार्थ्यापुढे मराठीत ठेवावयाची झाल्यास काय घडेल, हा आपला प्रश्न आहे.

एकच प्रश्न अनेक भाषांत विचारण्याचा उद्योग खानदेशास नवा नाही. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-पाहणीचे खंड १९०३ ते १९२८ या काळात प्रसिद्ध झाले. तिची साधने ठरलेली होती: बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे त्या त्या बोलीत भाषांतर, एक स्थानिक उतारा, आणि शब्दांची व वाक्यांची ठराविक यादी. भारतीयांच्या समजुतींना धक्का लागू नये म्हणून दृष्टान्ताच्या शब्दांत थोडे फेरफार करण्यात आले होते. म्हणजे समान नमुना हवा असला तरी तो जसाच्या तसा चालत नाही, ही जाणीव त्या काळीही होती. ह्या पद्धतीचे फळ खानदेशापुरते मोठे ठरले. मराठीची बोली म्हणून गणली जाणारी खानदेशी १९०७ च्या खंडात भिल्ली भाषांच्या समवेत मांडली गेली आणि मराठीच्या खंडाबाहेर राहिली. हा निर्णय मान्य असो वा नसो, त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते: उत्तर कोणत्या बोलीत घेतले, यावर निष्कर्ष अवलंबून असतो.

याच सुमारास युरोपात दुसऱ्या प्रकारची प्रश्नावली आकारास येत होती. शाळेत मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी बिने व सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये आपली कसोटी सिद्ध केली. ती अमेरिकेत नेणाऱ्यांपैकी हेन्री गॉडर्ड यांनी १९१३ मध्ये एलिस बेटावर उतरलेल्या स्थलांतरितांची दुभाष्यांमार्फत परीक्षा घेतली आणि त्यांतील बहुसंख्य लोक मंदबुद्धी असल्याचा निष्कर्ष १९१७ साली प्रसिद्ध केला. लांबच्या प्रवासाने थकलेल्या, परक्या देशात पहिले पाऊल टाकणाऱ्या माणसांच्या भाषेचा आणि परिस्थितीचा दोष त्यांच्या बुद्धीच्या नावावर पडला. मोजपट्टीच्या चुकीची किंमत मोजपट्टी देत नाही, मोजला जाणारा माणूस देतो.

आपल्याकडे या कामाची अधिक सावध सुरुवात झाली. डॉ. वि. वि. कामत यांनी कन्नड व मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने कसोटीची सुधारित आवृत्ती तयार केली. तिच्यावरील त्यांचा निबंध १९३४ साली इंग्लंडातील शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात आला आणि ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. कामतांच्या कार्याचे महत्त्व भाषांतरात नाही. ते येथील मुलांना आधारभूत मानण्यात आहे. कोणता प्रश्न कोणत्या वयास योग्य, हे परदेशी तक्त्यावरून ठरवावयाचे नसून येथील मुलांच्या उत्तरांवरून ठरवावयाचे असते, हा त्यामागील विचार होय.

आता प्रस्तुत प्रश्नावलीकडे वळू. संदिग्धता न सोसणाऱ्या मनाचा विचार फ्रेंकेल-ब्रुन्स्विक यांनी १९४९ मध्ये मांडला, आणि बडनर यांनी १९६२ मध्ये त्यासाठी सोळा विधानांची मोजपट्टी दिली. पुढे काळजी करण्याच्या प्रवृत्तीचा अभ्यास करताना क्वेबेकमधील फ्रीस्टन व त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली फ्रेंच भाषेत सत्तावीस विधाने रचली. प्रत्येक विधान आपणास कितपत लागू पडते, हे उत्तर देणाऱ्याने पाच पायऱ्यांपैकी एक निवडून सांगावयाचे असते. ब्यूर व ड्यूगास यांनी २००२ मध्ये तिच्या इंग्रजी रूपाची परीक्षा केली. २००७ साली कार्लटन व त्यांचे सहकारी यांनी बारा विधानांचे आटोपशीर रूप सिद्ध केले. त्यात दोन अंगे वेगळी करण्यात आली: पुढे काय होईल याची चिंता, आणि त्या चिंतेने कृतीच अडून राहणे. चिनी भाषिकांमध्ये ही प्रश्नावली कितपत टिकते, याची तपासणी २०१३ साली प्रसिद्ध झाली.

भाषांतराच्या अशा कामी प्रतिभाषांतराची रीत मुख्य मानली जाते. ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये तिची मांडणी केली. एकाने मूळ मजकूर नव्या भाषेत न्यावा, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने तो परत आणावा आणि दोन्ही मजकूर ताडून पाहावेत. रीत उपयुक्त आहे. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिच्यात एक छिद्र आहे. इंग्रजी शब्दासाठी ‘अनिश्चितता’ हा प्रतिशब्द परिभाषेने एकदा ठरवून दिला की दोन्ही भाषांतरकार त्याच परिभाषेत शिकलेले असतात. शब्द बिनचूक परत येतो. तो वाचकाच्या मनात शिरला होता की नाही, हे मात्र कळत नाही. आकडेशास्त्रही येथे पुरेसे साह्य करीत नाही. क्रॉनबाख यांच्या १९५१ च्या गुणकाने विधानांची परस्पर-संगती दिसते. पण सर्व विधानांत एकच शब्द असून तो सर्वत्र सारखाच चुकीचा समजला गेला, तरी संगती उत्तमच येईल.

चिनी भाषेतील ‘बु च्युएदिंग’ हा शब्द घटना ठरलेली नाही या अर्थी येतो, तसाच मला खात्री नाही या अर्थीही येतो. इंग्रजी व फ्रेंच शब्दही असेच दुहेरी आहेत. मराठीचे तसे नाही. ‘परीक्षेची तारीख अनिश्चित आहे’ हे वाक्य सरळ आहे; ‘मी अनिश्चित आहे’ हे मराठी नव्हे. मनाच्या अवस्थेसाठी आपण ‘मला खात्री नाही’ असे म्हणतो, आणि त्या अवस्थेच्या त्रासासाठी धाकधूक होते, जीव टांगणीला लागतो, मन थाऱ्यावर राहत नाही. येथे अनुभवणारा कर्ता नसून चतुर्थीत किंवा षष्ठीत येतो. ‘मला अनिश्चितता सहन होत नाही’ हे विधान व्याकरणाने शुद्ध असले तरी त्यात जगाची अनिश्चितता अभिप्रेत आहे की मनाची, हे वाचकास स्वतः ठरवावे लागते. मूळ प्रश्नावलीत जे एक होते, ते मराठीत दोन झाले.

खानदेशात याला आणखी एक पदर आहे. धुळे जिल्ह्यात आणि जळगावच्या पश्चिम तालुक्यांत अहिराणी, तर पूर्वेकडे रावेर-यावल भागात लेवा बोली नांदते. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही अनुसूचीबाहेरील भाषा म्हणून नोंदली गेली असून तिची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार आहे. १९९० साली जळगावी स्थापन झालेल्या विद्यापीठाच्या कक्षेत असे असंख्य विद्यार्थी येतात, ज्यांच्या घरी ‘मला’च्या जागी अहिराणीत ‘माले’ व लेवा बोलीत ‘मले’ असते. प्रमाण मराठी ते उत्तम वाचतात. पण ती त्यांच्या परीक्षेची भाषा आहे, काळजीची नव्हे. परीक्षेच्या भाषेतील प्रश्नास परीक्षेतल्यासारखे, म्हणजे योग्य दिसेल असे, उत्तर देण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे.

शिवाय अर्थाला परिस्थिती चिकटलेली असते. उद्याचे न कळल्यास मन स्वस्थ राहत नाही, अशा आशयाचे विधान शिंदखेडे तालुक्यातील कोरडवाहू घरातील मुलापुढे ठेवले, तर त्यास प्रथम पाऊस आणि कापसाचा भाव आठवेल. ‘यंदा काही खरं नाही’ असे घरात बोलले जाते, तेव्हा ते मनोवृत्तीचे वर्णन नसून हंगामाचा अंदाज असतो. त्याने ‘पूर्णपणे लागू’ ही पायरी निवडली, तर त्याची सहनशक्ती कमी असे म्हणावयाचे, की त्याची माहिती अचूक असे म्हणावयाचे? फी भरण्याची तजवीज पिकावर अवलंबून असणाऱ्या विद्यार्थ्याच्या नावापुढे केवळ आकड्यावरून चिंताग्रस्ततेचा शेरा पडला, तर एलिस बेटावरील चूक आपण सौम्य रूपात पुन्हा केली असे होईल.

यावरून रूपांतर करूच नये, असा निष्कर्ष काढावयाचा नाही. ज्या विद्यार्थ्यास खरोखर साह्य हवे आहे तो ओळखता येणे, ही निकडीची गरज आहे. मात्र कामाचा क्रम बदलावयास हवा. आंतरराष्ट्रीय कसोटी आयोगाच्या मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती २०१७ साली आली. कसोटीच्या रूपांतरात भाषेइतकाच संस्कृतीचा विचार तीत अपेक्षिलेला आहे. त्यानुसार प्रथम अहिराणी व लेवा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांशी त्यांच्या बोलीत मोकळे संभाषण करून न कळण्याच्या आणि वाट पाहण्याच्या अनुभवाचे शब्द गोळा करावेत. नंतर विधाने रचताना घटनेची अनिश्चितता व मनाची अस्वस्थता वेगळी ठेवावी. तयार विधाने थोड्या विद्यार्थ्यांस वाचावयास देऊन त्यांचा अर्थ त्यांच्याच तोंडून वदवून घ्यावा. आकडेमोड यानंतर करावी, आणि प्रमाणके येथील विद्यार्थ्यांवरूनच ठरवावीत.

ग्रियर्सन यांच्या पाहणीने खानदेशाची बोली ऐकली, पण बोलणाऱ्याचे मन विचारले नाही. कामतांनी मराठी मुलांची बुद्धी मोजली, ती येथील मुलांनाच प्रमाण मानून. ह्या दोन परंपरा आपल्या विद्यापीठांत भाषा-विभाग व मानसशास्त्र-विभाग अशा वेगळ्या दालनांत राहिल्या आहेत. प्रश्नावलीचे भाषांतर हे त्यांना एकत्र आणणारे काम आहे, आणि ते भाषांतरकाराच्या टेबलावर न होता विद्यार्थ्याच्या समोर बसून व्हावयास पाहिजे.