ऐकू आले, की ऐकल्यासारखे वाटले?

रात्री शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन लावण्याची खटपट आपल्यापैकी अनेकांनी केली असेल. काटा केसभर सरकवायचा, एरियलची तार खिडकीबाहेर ताणायची आणि खरखरीतून सूर येऊ लागले की श्वास रोखून ऐकायचे. गंमत अशी, की गाणे ओळखीचे असेल तर अर्धेच ऐकू येऊनही पुरे ऐकल्यासारखे वाटे. उरलेले अर्धे आपले मन भरून काढी. दूरच्या केंद्राचा क्षीण संदेश पकडण्याच्या इतिहासात हाच प्रश्न पुन्हापुन्हा उभा राहिला आहे : कानी आले ते बाहेरून आले, की मनातून?

सुरुवात १२ डिसेंबर १९०१ पासून करू. न्यूफाउंडलंडमधील सिग्नल हिल या टेकडीवर गुग्लिएल्मो मार्कोनी टेलिफोनचे श्रवणयंत्र कानाला लावून बसले होते. वाऱ्यावर हेलकावणाऱ्या पतंगाने उचलून धरलेली तार हा त्यांचा अँटेना. तेथील पाऱ्याच्या संकेतशोधकाचे जगदीशचंद्र बोस यांनी १८९९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे मांडलेल्या रचनेशी जवळचे नाते होते. सुमारे ३,४०० किलोमीटर दूर, इंग्लंडमधील पोल्धू येथून मोर्स लिपीतील ‘एस’ हे अक्षर, म्हणजे तीन टिंबे, ठरलेल्या वेळी सतत पाठवले जात होते. मार्कोनींना ती तीन टिंबे ऐकू आली. त्यांचे साहाय्यक केम्प यांनाही आली.

पण कागदावर काहीच उमटले नव्हते. शिवाय वेळ दुपारची, आणि तशा लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांत मोठ्या प्रमाणात शोषल्या जातात. त्यामुळे त्या दिवशी खरेच संदेश आला का, यावर आजही वाद आहे. काय ऐकू येणार, हे ऐकणाऱ्यांना आधीच ठाऊक होते, ही खरी अडचण. मार्कोनींनीही ती ओळखली असावी. फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजावरून प्रवास करताना त्यांनी संदेश कागदी पट्टीवर उमटवून घेतले.

येथे एक पेच आहे. काय येणार हे मुळीच ठाऊक नसेल, तर गोंगाटात बुडालेला संदेश सापडत नाही; आणि ठाऊक असेल, तर नसलेलाही सापडतो. यातून वाट काढली ती गणिताने, आणि पुढे ते गणित चालवणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलींनी.

त्यातले मूळ तत्त्व वर्गात फाशांनी दाखवता येते. फळ्यावर दहा रकाने आखा. त्यांतला एक तुम्ही मनात धरा. हे आपले ‘केंद्र’. मुलांनी प्रत्येक रकान्यासाठी फासा टाकावा. पडलेले दान तुम्ही फळ्यावर लिहा, पण गुप्त रकान्यात मात्र एक मिळवून. एका फेरीत काहीच कळणार नाही. एखाद्या ७ ने तुमचे गुपित फुटू नये म्हणून सुटी दाने पुसत चला, केवळ बेरजा ठेवा. शंभर फेऱ्या झाल्या की इतर रकान्यांची बेरीज ३५० च्या आसपास असेल, गुप्त रकान्याची ४५० च्या. संदेश फेऱ्यांच्या पटीत वाढतो, तर गोंगाटाचा चढउतार फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या पटीत. शंभर फेऱ्यांत तो सुमारे १७ इतकाच होतो.

हेच तत्त्व रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांनी १९७४ मध्ये अरेसिबोच्या दुर्बिणीवर वापरले. स्पंदक ताऱ्याचे एकेक स्पंदन गोंगाटात बुडालेले असते. त्यांच्या संगणकाने अनेक संभाव्य आवर्तनकाळ धरून स्पंदने एकावर एक रचून पाहिली. त्यातून जोडताऱ्यातला पहिला स्पंदक सापडला आणि १९९३ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले.

टेलर यांना तरुणपणापासून हौशी रेडिओचा नाद. २००१ पासून त्यांनी हौशी मंडळींसाठी आज्ञावली प्रसिद्ध करायला सुरुवात केली. २००३ मधील ‘जेटी६५’ ही पद्धत चंद्रावरून परावर्तित होणारे संदेश पकडण्यासाठी होती. तिच्यात संदेशाच्या १२ चिन्हांची ६३ चिन्हे करून पाठवतात. वाण्याच्या बिलातला एक आकडा पुसला गेला तरी एकूण बेरजेवरून तो काढता येतो; तशीच ही जादा ५१ चिन्हे हरवलेली चिन्हे परत मिळवून देतात. ही युक्ती रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडली होती. २,५०० हर्ट्झच्या पट्ट्यातला गोंगाट संदेशाच्या सुमारे २५० पट असला, तरी ‘जेटी६५’ संदेश उलगडू शकते. कानाला तेथे नुसती खरखर.

आणि येथेच १९०१ चा वाद नव्या रूपात परतला. या आज्ञावलीत एक जादा सोय होती : नेहमीच्या रीतीने संदेश उलगडला नाही, तर माहीत असलेल्या केंद्रांच्या यादीशी तो ताडून पाहायचा. काही हौशी मंडळींनी हरकत घेतली. यादीतले नाव यंत्राने सुचवले, तर ते ‘ऐकले’ कसे म्हणायचे? हरकत रास्त होती. अपेक्षा बाळगणे हा दोष नाही. पण ती कोणती आणि किती जुळले तर ‘सापडले’ म्हणायचे, हे आधी सांगितले पाहिजे.

याचे उदाहरण आपल्या जवळच घडले. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बीण ‘शियापारेल्ली’ या युरोपीय यानाकडे कान लावून होती. यान मंगळावर उतरत होते. प्रक्षेपक अवघ्या काही वॅटचा, अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर. संगणकाच्या पडद्यावर त्याची बारीक रेषा उमटली. कुठल्या वारंवारतेला शोधायचे, हे आधी काढलेले होते. यान सुखरूप उतरावे, अशीच सर्वांची इच्छा होती. तरीही उतरण्यापूर्वी थोडा वेळ आधी ती रेषा तुटली. यान आदळून नष्ट झाल्याचे पुढे स्पष्ट झाले. इच्छेविरुद्धचे उत्तरही जे साधन देते, त्याच्यावरच विश्वास ठेवता येतो.

म्हणून फाशांचा प्रयोग आणखी एकदा करा, पण या खेपेस एकाही रकान्यात एक मिळवू नका आणि मुलांना तसे सांगूही नका. कोणती तरी एक बेरीज सर्वांत मोठी असणारच. किती मुले तिच्याकडे बोट दाखवून “हेच केंद्र!” म्हणतात, ते मोजा. मग त्यांना मार्कोनींची गोष्ट सांगा.