आमचा घरचा (!) मसाला

शिळफाटा म्हटलं की आमचे निम्मे पाहुणे ठाण्याजवळच्या शिळफाट्याला जाऊन उतरतात. आमचा शिळफाटा खोपोलीचा. पेणचा रस्ता जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला मिळतो तिथला. चुकलेले पाहुणे अवेळी, भुकेले येतात आणि पहिल्याच घासाला विचारतात, "वहिनी, मसाला कुठला हो?" हिच्याआधी आतून आई ओरडते, "घरचा!"

या 'घरचा' शब्दाची चौकशी करायची वेळ माझ्यावर एका चैत्रात आली. हिनं दुकानातून मसाल्याचं पाकीट आणलं. आईनं ते फोडलं, वास घेतला आणि म्हणाली, "रंग छान आहे." आमच्या घरात याहून कडक शब्दांत कुणाची निंदा झालेली नाही. दुसऱ्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन यादी लिहायला बसलो.

पहिलं नाव मिरचीचं. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी. आता, मिरची ही मूळची अमेरिकेची. १४९८ साली वास्को-द-गामा कालिकतला आला तो आपली मिरी न्यायला. त्याच्यामागून आलेल्या पोर्तुगीजांनी मिरची इथं आणली. ज्ञानेश्वरी १२९० सालची. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळात महाराष्ट्र मिरचीवाचून जेवत होता! तिखटाला मिरी, पिंपळी आणि आलं. मिरचीला नावही आपण मिरीवरूनच दिलं, सवतीला थोरलीची साडी द्यावी तसं.

यादी पुढे सरकली. लवंग आणि जायपत्री मूळच्या मोलुक्का बेटांतल्या. बाद्यान चीनकडचं. दालचिनी सिंहलद्वीपाची. हिंग इराण-अफगाणिस्तानातला. मी पेन्सिल खाली ठेवली.

"आई, यात घरचं काय आहे गं?"

"मीठ," आई म्हणाली. मग जरा विचार करून, "तेही पेणचंच म्हणा."

"बरं, धणे किती?"

"लागतील तेवढे."

"म्हणजे?"

"किलोभर मिरचीला बारा मुठी."

मी बारा मुठी घातल्या. आईनं परातीत पाहिलं आणि सगळे धणे परत डब्यात ओतले. माझी मूठ तागडीत घातली तर पस्तीस ग्रॅम, आईची वीस. इतकी वर्षं घरात जे 'प्रमाण' म्हणून चालत होतं, ते आईच्या मुठीबाहेर कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी ते कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं.

भाजलेला माल घेऊन मी डंकावर गेलो. खोपोलीचं वीजकेंद्र १९१५ साली सुरू झालं. घाटावरून पडणाऱ्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली आणि माझी आजी खाली खोपोलीत हातानं उखळीत कुटत राहिली. आता विजेवर डंका चालतो. मसाला दळण्यापेक्षा कुटलेला बरा, कमी तापतो, म्हणून वास टिकतो. डंकावर रांगेतलं कुणी जागचं हलत नाही. शेजारणीच्या मसाल्याची चिमूट आपल्यात मिसळेल ही भीती! सगळ्यांच्या पिशवीत तीच मोलुक्काची लवंग आणि तोच काबुली हिंग. पण शिंकत, डोळे पुसत प्रत्येकजण आपल्या पिशवीवर नजर ठेवून. मीही ठेवली.

मसाला बरणीत भरला, वर हिंगाचा खडा ठेवला, फडकं बांधलं. "जमलाय," आई म्हणाली. रंगाबद्दल काही बोलली नाही.

यंदा पुन्हा तागडी काढली. आईचा हात आता थरथरतो. बारा मुठींनंतर तिनं तेरावी घातली.

"आई, बारा ना?"

"एक सांडलेल्याची," ती म्हणाली. "तू करशील तेव्हा बाराच घाल."

मी कॅलेंडरच्या मागे तेरा लिहिलं. हिनं पाहिलं, पण खोडलं नाही.