सूक्ष्मचिप रोपण
ओळख पटवण्यासाठी प्राण्याच्या किंवा माणसाच्या त्वचेखाली बसवलेली इलेक्ट्रॉनिक कुपी. तांदळाच्या दाण्याएवढ्या या काचेच्या कुपीत चिप व तारेचे वेटोळे असते, बॅटरी नसते. वाचकयंत्र अगदी जवळ आणल्यावर त्याच्याच चुंबकीय क्षेत्रातून ऊर्जा घेऊन ती आपला क्रमांक (प्राण्यांत बहुधा 15 अंकी) कळवते. त्यामुळे हरवलेले कुत्रे कोठे आहे हे तिच्यावरून कळत नाही. ते कळते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. सापडलेल्या कुत्र्याचा मालक मात्र शोधता येतो, तोही नोंदणीतला पत्ता अद्ययावत असेल तरच. इंग्लंडमध्ये 2016 पासून कुत्र्यांना चिप सक्तीची आहे. अमेरिकेत 2004 मध्ये रुग्णांसाठी ‘व्हेरिचिप’ या रोपण-चिपला मान्यता मिळाली. माणसाच्या बाबतीत संमती हाच कळीचा प्रश्न आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने 2006 मध्ये सक्तीच्या रोपणावर बंदी घातली.